रान भांडवलशाहीत, भज्जी समाजवादात

अण्णा बोलायला लागले की शब्दांच्या आधी हात पुढे यायचे. दोन्ही तळवे आभाळाकडे, कोपरं अंगाला चिकटलेली, मान जरा मागे. डावा तळवा खालीवर करून ते म्हणायचे, "ही झाली भांडवलशाही." मग उजवा तळवा. "हा झाला समाजवाद. आता तुलना करून बघू की." समोरचा 'नको' म्हणायच्या आत तुलना सुरू झालेली असायची.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, कामापेक्षा मतं जास्त असलेलं. अण्णांचं मात्र तसं नव्हतं. काम चोख होतं आणि मत त्यांना नव्हतंच, नुसती तुलना होती. "मग अण्णा, दोन्हीतलं चांगलं काय?" असं कुणी विचारलं तर ते आपल्या दोन तळव्यांकडे आळीपाळीने बघायचे आणि म्हणायचे, "थांबा की. काटा अजून हलतोय." मी त्या ऑफिसात होते तोवर तो काटा काही थांबला नाही.

त्यांचे वडील सोलापूरच्या भुसार बाजारात तोलार होते. दुसऱ्यांची ज्वारी तोलण्यात त्यांची हयात गेली आणि वारसा म्हणून त्यांनी मुलाला हा एवढा हातवारा दिला, असं अण्णा स्वतःच सांगायचे. एकदा डाव्या हातात चहाची बशी असताना समाजवादाचं पारडं खाली गेलं, भांडवलशाही वर उडाली आणि चहा सगळा साहेबांच्या टिपणीवर सांडला. साहेबांनी हे काय म्हणून विचारलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "वरची संपत्ती खाली झिरपते असं पुस्तकात लिहिलंय, साहेब. ती ही." साहेब भले होते. त्यांनी टिपणी मला परत टाइप करायला लावली.

मी तिथे टायपिस्ट होते. जमिनींच्या नकाशांचं ते ऑफिस. सत्तरचं दशक, म्हणजे सोलापुरातल्या भिंतीसुद्धा गरिबीवर बोलत होत्या. अण्णांच्या टेबलावर दक्षिणेकडच्या गावांचे नकाशे असायचे. कुठल्या गावात कुणाचं रान कुठे संपतं आणि ओढा कुठून वळतो हे त्यांना बसल्या जागी सांगता यायचं. स्वतःच्या नावावर मात्र कुंडीत मावेल एवढीही माती नव्हती. याची त्यांना खंत आहे असं मला बरेच दिवस वाटलं नव्हतं, कारण ते त्याचीही तुलनाच करायचे.

आधी पंख्याची गोष्ट सांगते, म्हणजे हा माणूस तुमच्या ध्यानात येईल. आमच्या हॉलला एकच पंखा होता आणि तो हेडक्लार्कांच्या डोक्यावर. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. अण्णांनी एका चैत्रात सगळ्यांना गोळा केलं, तळवे पुढे केले आणि म्हणाले की पंखा एक आणि घाम सगळ्यांना, ही विषमता आहे. उपाय असा की दर सोमवारी टेबलं एकेक घर पुढे सरकवायची. प्रत्येकाला एक आठवडा पंखा. हेडक्लार्क कुरकुरले, पण त्यांच्या बाजूने कुणीच नव्हतं.

पहिला आठवडा माझा आला आणि पहिल्याच तासात माझे कागद हॉलभर उडाले. मी आवक-जावकवाल्यांना म्हटलं, माझा आठवडा तुम्ही घ्या. ते संकोची गृहस्थ, फुकट घेईनात. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोच्या हातची शेंगाची चटणी आणून दिली. ती चटणी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी चाखली आणि तिथेच घात झाला. जो तो आपला आठवडा घेऊन आवक-जावकच्या टेबलाशी उभा. वैशाख लागायच्या आत सगळा पंखा त्यांच्या मालकीचा झाला. ते कॉलर वर करून शिंकत बसायचे आणि बाकीचे घामाने निथळत चटणी-भाकरी खायचे.

मी अण्णांना म्हटलं, फसला की हो तुमचा समाजवाद. त्यांचा चेहरा लग्नघरासारखा फुललेला. "फसला काय बाई, पिकला म्हणा. समान वाटलं आणि महिन्याच्या आत सगळं एकाकडे गेलं. आपल्या डोळ्यांदेखत! लोक यासाठी परदेशी जातात." हेडक्लार्कांना मात्र पंखा परत मिळवायला स्वतःच्या बायकोकडून चटणी करून घ्यावी लागली, आणि ती काही तशी जमली नाही.

घरातही त्यांनी एकदा हा प्रयोग करून पाहिला होता. वहिनींनीच, म्हणजे अण्णांच्या बायकोनेच, मला सांगितलं. ज्याने त्याने आपल्या कुवतीप्रमाणे काम करायचं आणि प्रत्येकाला गरजेप्रमाणे मिळायचं, असं अण्णांनी चुलीसमोर बसून समजावलं. वहिनींनी भाकरी थापत सगळं ऐकून घेतलं आणि मग एवढंच विचारलं, "ह्यात भांडी कुनाच्या वाट्याला येत्यात?" अण्णा म्हणाले, त्याबद्दल पुस्तकात काही नाही. "मग पुस्तक लिवनाऱ्याच्या बायकूला जाऊन इचारून या." त्या दिवसापासून अण्णा स्वतःचं ताट स्वतः घासायचे. माझ्या माहितीत समाजवादाचा सोलापुरातला हा एवढाच पक्का विजय.

आता वेळ अमावस्या. ही आमच्या दक्षिण भागातली, अक्कलकोट आणि त्याच्या पलीकडची. मार्गशीर्षाच्या अमावस्येला ज्याला रान आहे तो घरदार घेऊन रानात जातो. उभ्या ज्वारीत कडब्याची खोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, मडक्यातली आंबील रानाला शिंपडायची आणि मग जेवायचं. सगळ्या डाळी, शेंगा, पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, शेंगाच्या पोळ्या. आणि मुख्य नेम हा की बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, मग तो कोण का असेना. ज्याला रान नाही त्याने दुसऱ्याच्या रानात जावं. पहाटेचा स्वयंपाक उरकला की त्या दिवशी गावात कुणी चूल पेटवत नाही आणि आमचं ऑफिस ओस पडायचं.

अण्णांसाठी हा दिवस म्हणजे पर्वणी. "बघा बाई, आज रान भांडवलशाहीत आणि भज्जी समाजवादात. असा देखावा जगात कुठे मिळायचा नाही." ते सकाळपासून निघायचे आणि या रानातून त्या रानात जेवत फिरायचे. कुणाची भज्जी दाट, कुणाची आंबील आंबट, जास्त एकर असलेल्याच्या घरचे उंडे का चिवट असतात, याचा अहवाल दुसऱ्या दिवशी आम्हाला मिळायचा.

एका वर्षी मात्र अहवाल आला नाही. अण्णा नकाशांत मान घालून बसले होते. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले की काल एका पंगतीत यजमानाने विचारलं, "तुमी कुणाकडचे?" साधाच प्रश्न. पाव्हणा कुठल्या घरचा, एवढंच त्याला हवं होतं. "लहानपणी वडिलांचा हात धरून जायचो तेव्हाही हेच विचारायचे. आता माझे केस पिकले, बाई. आयुष्यभर मी कुणाकडचा तरीच आहे. एकदा तरी बांधावर उभं राहून आपण कुणाला तरी हाक मारावी, असं वाटतं." मग त्यांनी तळवे पुढे केले खरे, पण ते हलवले नाहीत. "सगळं सगळ्यांचं झालं तर कुणी कुणाकडचं राहणार नाही, हे चांगलंच. पण मग हाक कोण मारणार? द्यायचं झालं तर आधी आपलं असावं लागतं की."

 मला फार वाईट वाटलं होतं.

हे बोलणं आमच्या शिपायाने ऐकलं. त्याचं मैंदर्गीजवळ चिंचोळं रान होतं. पुढच्या मार्गशीर्षात तो अण्णांकडे आला आणि म्हणाला, "अण्णा, यंदा आमी लेकीच्या सासरला चाललोय. रान मोकळंच हाय. तुमी करा की तितं येळ अमावस्या." अण्णांनी त्याचे दोन्ही हात धरले. शिपायाने वाट सांगितली. ओढा ओलांडायचा, मग मोठा बांध लागेल, त्याच्या उजव्या हाताला आपलं रान.

अण्णांनी ऑफिसातल्या प्रत्येकाला आमंत्रण दिलं. जवळजवळ सगळ्यांना आपापलं रान किंवा सासुरवाडी होती, त्यामुळे निघालो चौघं. अण्णा, वहिनी, मी आणि चटणीसह आवक-जावकवाले. बसमध्ये वहिनींच्या मांडीवर आंबिलीचं मडकं आणि माझ्या मांडीवर भज्जीचं पातेलं. कंडक्टर म्हणाला मडक्याचं अर्धं तिकीट लागेल. अण्णांनी तळवे पुढे करताच त्याने घाईघाईने नाद सोडला.

ओढा लागला, बांध लागला. तिथे अण्णांनी पिशवीतून नकाशा काढला. शिपायाने सांगितलेला उजवा हात त्यांना तोंडी व्यवहार वाटत होता आणि त्यांच्याकडे सरकारी नकाशाची स्वतः काढलेली नक्कल होती. आता असं बघा, हा माणूस जन्मभर नकाशे टेबलावर मांडून बघत आलेला. टेबलावर वर उत्तर. आम्ही चाललो होतो दक्षिणेला तोंड करून. अण्णांनी नकाशा तसाच, उत्तर वर करून छातीशी धरला आणि त्यात रान बांधाच्या डावीकडे दिसलं म्हणून ऐटीत डावीकडे वळले. नकाशा घेऊन ते याआधी कधी उन्हात गेलेच नव्हते.

रानात शिरतो तर खोप आयती बांधलेली. कडबा ताजा, आत जमीन सारवलेली. अण्णांनी कडब्यावरून हात फिरवला. "बघा बाई, शिपाई किती भला माणूस. जाताना खोपसुद्धा करून गेला." आम्ही चौघांनी शिपायाचे गुण गायले आणि पाच दगड गोळा करून चुना लावायला घेतला.

पूजा झाली, नैवेद्य झाला. अण्णा धोतराचा सोगा सावरत रानभर आंबील शिंपडून आले आणि बांधावर जाऊन उभे राहिले. "बर्री, ऊटा माडरी," म्हणजे या, जेवायला बसा, अशी हाक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मारली. जाणारे थांबायचे, हसायचे आणि म्हणायचे, आमचं रान पलीकडंच हाय, तुमीच या की. जो येईल तो उलट आमंत्रण देऊन पुढे जायचा. रान असलेल्या माणसांच्या त्या मुलखात आमच्या पंगतीला माणूस मिळेना.

दुपार कलायला आली. वहिनी पातेल्यावरचं झाकण उगाच उघडून परत ठेवत होत्या. आवक-जावकवाले चटणीचा डबा हातात घेऊन ज्वारीकडे बघत होते. अण्णा खोपीत येऊन बसले आणि म्हणाले, "आपणच बसू या आता." त्यांच्या चेहऱ्याकडे माझ्याने बघवेना. इतकी तुलना केलेल्या माणसाची अशी निकड मी कधी पाहिली नव्हती.

आणि तेवढ्यात बांधावर दोन बैलगाड्या येऊन थांबल्या. टोपल्या, मडकी, बाया, पोरं, एक सालगडी, गाडीत लोडाला टेकून बसलेल्या एक वृद्ध आजी आणि पुढे फेटा बांधलेले एक भरदार गृहस्थ. वाटेत चाक निखळल्यामुळे त्यांना उशीर झाला होता. ते गृहस्थ त्या रानाचे मालक होते, म्हणून इथे मी त्यांना मालकच म्हणते. त्या क्षणी मात्र हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मालकांनी समोर काय पाहिलं ते लक्षात घ्या. आपल्या रानात चष्मा लावलेला एक माणूस, त्याच्या हातात नकाशा. शेजारी ऑफिसची पिशवी घेतलेला दुसरा. नकाशाच्या ऑफिसात नकला घ्यायला ते पूर्वी आले होते आणि अण्णांना चेहऱ्याने ओळखत होते. अण्णांना रानं लक्षात राहायची, चेहरे नाहीत. त्यात दिवस सीलिंगच्या कायद्याचे. ज्याच्याकडे मर्यादेपेक्षा जास्त जमीन, त्याची जादा जमीन सरकार घेऊन भूमिहीनांना वाटणार, म्हणून मोठे शेतकरी मेव्हण्या-भाच्यांच्या नावांवर रानं करून धास्तीत झोपत होते. सणाच्या दिवशी सरकार रानात येऊन बसलेलं बघून मालकांचा रंगच उडाला.

अण्णा लगबगीने बांधावर गेले, हात जोडले आणि यजमानाने विचारावं तसं विचारलं, "या, या. तुमी कुणाकडचे? तुमचं रान कुठलं?"

मालकांनी नकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमचं? आमचं हितं काय न्हाय, सायेब."

"काहीच नाही?"

"कायबी न्हाय. आमी असंच चाललो हुतो."

अण्णांचा आनंद काय सांगू. एवढं मोठं कुटुंब, दोन गाड्या भरून, आणि बिचाऱ्यांना रान नाही. ते गाडीच्या चाकापाशी जाऊन प्रत्येकाला हात देऊन उतरवायला लागले. गाडीतल्या आजी कानडीत म्हणाल्या, "नम्म होल," म्हणजे आपलंच रान. मालक दबक्या आवाजात पुटपुटले, "सुम्निर, यव्वा." गप्प राहा आई. माझी आई अक्कलकोटची, मला कानडी कळत होतं. तिथेच सगळं माझ्या ध्यानात आलं. पण अण्णांचा चेहरा बघितला आणि मी तोंडाला कुलूप घातलं.

लपवायचं म्हटलं तरी किती लपणार? जू काढताच मालकांचे बैल न हाकता कोपऱ्यातल्या कडुलिंबाखाली जाऊन आपापल्या जागी उभे राहिले. आवक-जावकवाले म्हणाले, बैल लई शिकलेले दिसतात. आजींनी उतरल्या उतरल्या आमचे पांडव बघितले, नाराजीने मान हलवली आणि एकेक दगड उचलून नीट मांडला. पोरं थेट बोरीच्या झाडाकडे पळाली. अण्णा कौतुकाने म्हणाले, किती लवकर रुळली माणसं!

पंगत बसली. सालगडी सवयीने लांब जाऊन बसत होता. अण्णा म्हणाले, हितं एकच पंगत, आणि त्याला मालकांच्या शेजारी बसवलं. दोघांनीही एकमेकांकडे न बघता गुडघे आवरून घेतले. मालकांच्या टोपल्यातल्या पोळ्या आणि खीर आमच्या भज्जीत मिसळल्या, आमची चटणी त्यांच्याकडे गेली. आजी सुनेच्या मदतीला म्हणून उठायला लागल्या तर वहिनींनी खांद्याला धरून खाली बसवलं. "बसा मावशी. तुमी पाव्हण्या." आजींनी मांडी घातली आणि डोळे मिटून सावकाश आंबील प्यायल्या.

जेवण होताच अण्णांचे तळवे पुढे आले. जमीन एकाकडे असावी की सगळ्यांकडे, यावर त्यांनी रंगून भाषण केलं. मालक प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. "व्हय सायेब. जमीन सगळ्यांचीच. आमी तर कवापासनं म्हनतोय." निरोप घेऊन ते घरच्यांसह गाड्यांसकट इतक्या वेगाने गेले की धूळ खाली बसायला वेळ लागला. परतीच्या बसमध्ये अण्णा म्हणत होते, इतका समंजस शेतकरी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

सोमवारी शिपाई आला आणि विचारायला लागला की अण्णा, तुमी आलाच न्हाय व्हय, शेजारचे सांगत होते रान सुनं होतं म्हणून. अण्णांनी हसत नकाशा उघडला. मग तो फिरवला. परत फिरवला. आणि हळूच खाली बसले.

त्यानंतर कित्येक दिवस त्यांचे हात टेबलाखाली राहिले. हेडक्लार्क मुद्दाम म्हणाले, अण्णा, साखर महागली, तुलना करा की. अण्णा 'हं' म्हणाले. मला एकदाच बोलले. "ज्याचं रान त्यालाच विचारलं, तुमी कुणाकडचे. मला कुणी विचारलं तर मी वर्षभर कुढलो, आणि मी त्याला त्याच्या रानात उभा करून विचारलं." पंखा, चहा, सगळं फिकं झालं होतं. ऑफिस नुसतं ऑफिस उरलं होतं.

आणि एक दिवस मालक स्वतःच आले. काही नोटीस निघालीय का ते बघायला आले होते, हातात बोरांची टोपली. अण्णा त्यांना बघून ताडकन उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि सगळ्यांसमोर हात जोडले. "मला माफ करा. ते रान तुमचं होतं."

मालक दचकले. "न्हाय न्हाय सायेब. आमचं न्हाय."

"तुमचंच हो. माझी चूक झाली."

"सायेब, देवाशपथ आमचं न्हाय. तुमीच ठेवा."

त्या ऑफिसात आजवर माणसं 'माझं, माझं' म्हणत एकमेकांच्या गळपटीला धरत आली होती. 'तुमचं, तुमचं' म्हणून भांडण पहिल्यांदाच चाललं होतं. साहेबसुद्धा केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. शेवटी मी मालकांना बाजूला घेतलं आणि कानडीत सगळं सांगितलं. मोजणी नाही, नोटीस नाही, हा गृहस्थ साधा क्लार्क आहे आणि त्याने नकाशा उलटा धरला होता. त्याला फक्त एकदा कुणाला तरी जेवायला घालायचं होतं.

मालकांनी टोपली सावरत अण्णांकडे एकदा नीट बघितलं. मग असे हसायला लागले की टोपलीतली बोरं हॉलभर सांडली आणि ती वेचायला आम्ही सगळे खाली बसलो. हसू ओसरल्यावर ते अण्णांना म्हणाले, "आमची म्हातारी काय म्हनते ठावं हाय का? लगीन होऊन आल्यापासनं दर येळ अमावस्येला ती वाढतीच हाय. परवा पयल्यांदा पाव्हणी म्हणून बसून जेवली म्हनं. पुढल्या साली बी त्या मास्तरांच्यातच जायचं, असं तिनं सांगून ठिवलंय."

"मी मास्तर नाही," अण्णा म्हणाले. ते रडत होते.

मग दर वर्षी तसंच झालं. रान मालकांचं, खोप सालगड्याच्या हातची, भज्जी वहिनींची. अण्णा बांधावर उभे राहून हाक मारायचे आणि मालक आपल्याच रानात घरदार घेऊन पाव्हणे म्हणून यायचे. सालगडी मालकांच्या शेजारी बसायचा. अण्णा मला म्हणायचे, "एक दिवस एका पंगतीत बसणं म्हणजे काही समाजवाद नव्हे, बाई. उद्या तो परत लांब बसणार." पुढे मालकांची काही जमीन सीलिंगमध्ये गेली, काही भाच्यांच्या नावावर राहिली. ते रान राहिलं. अण्णा तळवे पुढे करून विचारायचे, "रान त्यांचं, हाक आपली आणि मालक पाव्हणा. हे आता कुठल्या हातावर ठेवू?" यावर मात्र त्यांची तुलना कधी पुढे गेली नाही. ते नुसते खूश असायचे.

निवृत्त झाल्यावर फार दिवस लाभले नाहीत त्यांना. गेले तेव्हा उन्हाळा होता. त्या साली वहिनींनी काही केलं नाही, आणि मालकांनीही त्या रानात काही मांडलं नाही असं शिपाई म्हणाला. त्याच्या पुढच्या मार्गशीर्षात मालकांचा निरोप आला, वैनींनी यायचं. वहिनी नको नको म्हणत होत्या, पण पहाटे उठून भज्जी शिजवली. मी सोबत गेले.

खोपीत पूजा झाली. दुपारी गाड्या आल्या आणि बांधापाशी थांबल्या. मालक खाली उतरले, पण आत येईनात. आजी गाडीत बसून, सुना टोपल्या धरून, सगळे उभेच.

"या की," वहिनी खोपीतून म्हणाल्या. "तुमच्याच रानात तुमाला कुनी बोलवायचं?"

मालक म्हणाले, "हाक मारल्याबिगर आजवर आलो न्हाय, वैनी. अण्णा न्हायीत म्हणून आता घुसायचं व्हय?"

वहिनी उठून बांधापर्यंत चालत गेल्या. हात जोडले. मालक मान खाली घालून थांबले होते. बैल मात्र लिंबाकडे ओढ घेत होते. शेवटी वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "या, जेवायला बसा. ते आत्ताच पानी आनायला गेल्यात."

मालक आत आले आणि पंगतीत एक पत्रावळ रिकामी सोडून बसले.